गोळ्या चालू ठेवा

जे आता लिहिते आहे ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. आईजवळ बोलणार होते, माहेरी घाटनांदूरला गेले की दर वेळी ठरवायचे — आणि ती गेली. देवापुढं हात जोडून एकदा सुरुवात केली होती. अर्ध्यातच उठले, म्हटलं दूध उतू जाईल. दूध तापायला ठेवलंच नव्हतं.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बसले आहे.

तेलगावपासून जवळच आमचं गाव. कापूस, ऊस, चार जनावरं, दोघा भावांचं एकत्र घर. मी थोरली सून. माझ्या मालकांचं तेलगावात पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. धाकटे दीर — मी त्यांना भावजी म्हणते — हंगामात कारखान्याला ऊस वाहणारं ट्रॅक्टर चालवतात. त्यांची बायको सुरेखा. मला अक्का म्हणते. अजूनही म्हणते. हे जे घडलं ते सुरेखाच्या बाबतीत घडलं — नाही, असं नको लिहायला. हे मी सुरेखाचं केलं.

लग्न होऊन आली तेव्हा साधी, हसरी पोरगी होती. तिला गौरी झाली, गौरी चालायला-बोलायला लागली, आणि त्याच सुमाराला सुरेखा बदलायला लागली. दोन माणसांचं खायची आणि वाळत चालली होती. पौषातल्या थंडीत अंगावरचं पांघरूण फेकून द्यायची. मी उठेपर्यंत अंगण झाडून, भांडी घासून, धुणं दोरीवर टाकून झालेलं असायचं. कापूस वेचायला गेली तर दोन बायांचा कापूस एकटी वेचायची. तिला बसवतच नव्हतं. आणि चिडायची — केवढी! भावजींपुढं ताट आपटायची, पोरीच्या पाठीत धपाटा घालायची, आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, उलटून बोलायची. मग आत्याबाई शेजारणींना म्हणायच्या, थोरली बगा कशी शांत हाय.

त्या दिवसांत घरात मला काम कमी होतं आणि मान जास्त होता. असं सलग लिहिलं की किती स्पष्ट दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं.

पुढं तिचे डोळे मोठे दिसायला लागले, गळ्याशी फुगवटा आला, हातातल्या कपातला चहा बशीत सांडायला लागला. तेव्हा मीच म्हणाले, हिला बीडला दाखवू. मीच घेऊन गेले. हेही खरं आहे — आणि हे खरं होतं म्हणूनच पुढचं सोपं गेलं. जिनं दवाखान्यात नेलं तिच्यावर कोण शंका घेणार?

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय. त्यामुळं सगळं शरीर पळत सुटलंय, हृदयसुद्धा. कार्बिमाझोल नावाच्या बारक्या गोळ्या दिल्या, धडधडीसाठी वेगळी गोळी दिली. म्हणाले, हळूहळू फरक पडेल, मधून मधून रक्त तपासावं लागेल, आणि आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. फोन नंबर मागितला तेव्हा माझा दिला. सुरेखाकडं स्वतःचा फोन नव्हता, भावजी ट्रॅक्टरवर असले की उचलत नसत. मी दहावी झालेली, घरात डॉक्टर-बँकेचं बोलणं मीच करायचे.

गोळ्या लागू पडल्या. काय सांगू तुम्हाला — पावसाळा संपेपर्यंत निराळीच बाई झाली ती. अंग भरलं. हात थांबले. रात्रीची शांत झोपायला लागली, सकाळी माझ्या मागून उठायला लागली. दुपारी गौरीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची, भावजी आले की दोघं काहीतरी बोलून हसायची. शेजारणी म्हणायच्या, सुरेखा कशी भरली गं, कशी दिसायला लागली! आत्याबाई तिच्याजवळ जाऊन बसायला लागल्या. आणि झाडलोट, भांडी, शेतातला डबा — जे ती पळत पळत करायची ते सगळं माझ्या अंगावर आलं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की कामामुळं झालं. वेचणी सुरू झालेली, दिवाळी तोंडावर, बाया मिळेनात, माझी कंबर धरलेली. ते खोटं नव्हतं. पण तुमच्याशी तरी अर्धं कशाला बोलू? नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. साड्यांचा गठ्ठा पुढं टाकून आत्याबाईंनी हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर आले, तर त्या म्हणाल्या, तुला न्हाई, सुरेखाला म्हनले. तिची नजर चांगली हाय.

एवढंच. ह्यासाठी कुणी माणसाचा जीव टांगणीला लावतं का? मी लावला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. मी परसात होते. त्यांनी नेहमीप्रमाणं शांतपणे, सावकाश सांगितलं — रिपोर्ट सुधारलेत, छान आहे. पण गोळ्या चालू ठेवा. वर्ष-दीड वर्ष तरी लागेल. मधेच सोडल्या तर आधीपेक्षा जोरात उलटेल, एवढं त्यांना नीट समजावून सांगा. मी हो म्हणाले. सगळं नीट ऐकलं होतं मी. मागं कसला आवाज नव्हता, रेंज गेली नव्हती.

ओट्यावर सुरेखा वेचलेल्या कापसातला पाला-काडी काढत बसली होती. वर बघून म्हणाली, "काय म्हनले डॉक्टर?"

मी म्हणाले, "नॉर्मल आलं. बंद कर म्हनले गोळ्या."

आधी ठरवलं नव्हतं. असं म्हटलं तर तुम्हाला खरं वाटेल का? परसातून ओट्यापर्यंत येईतो माझ्या तोंडात खरं तेच होतं. मग तिचं ते भरलेलं, निवांत तोंड वर झालं — आणि दुसरं निघालं.

केवढा आनंद झाला तिला. उठून घरात गेली, देवापुढं साखर ठेवली आणि पहिली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. "अक्का, तुमी नेलं म्हनून बरी झाले मी." मी ती साखर खाल्ली.

उद्या सांगू, असं मनात होतं. ऐकण्यात चूक झाली म्हणू. मग म्हटलं, पहिली वेचणी होऊ दे. मग दिवाळी. आधी काहीच झालं नाही, म्हणून वाटलं, डॉक्टर लोक उगाच भीती घालतात. ती बरीच झाली असेल. मग मी खोटं तरी काय बोलले?

आणि एक दिवस पहाटे खराट्याचा आवाज आला. मी अंथरुणात पडूनच ऐकत होते. भराभर, न थांबता, आधी पुढचं अंगण, मग मागचं. मला कळलं तो कसला आवाज आहे ते. मी कूस बदलली.

पुढं सगळं जुन्याच वाटेनं आलं, पण वेगानं. गळ्याशी शीर उडताना लांबून दिसायची. ताट वाढताना पळी भांड्यावर वाजायची. बाहेर सगळे शेकोटीला बसलेले आणि ही पदरानं वारा घेतेय. चेहरा परत खप्पड झाला, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आत्याबाई परत माझ्याकडं येऊन कुरकुर करायला लागल्या — हिच्या तोंडाला लागायची सोय न्हाई. मी ऐकून घ्यायचे. शांत.

एकदा ती स्वयंपाकघरात माझ्या मागं येऊन उभी राहिली. आवाजात कापरं होतं. "अक्का, परत तसंच व्हायलंय. लई धडधडतंय. राहिलेल्या गोळ्या घेऊ का?"

ही वेळ होती. दार पुढं होतं, उघडं होतं, आणि कुणीही मला काही विचारलं नसतं. घे म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तिनं घेतल्या असत्या तर त्या संपल्यावर डॉक्टरांकडं गेली असती, आणि डॉक्टर म्हणाले असते, बंद कुणी केल्या? मी पोळी तव्यावर उलटली आणि म्हणाले, "डॉक्टर कावून खोटं बोलतील? अशक्तपना असंल. आपल्या मनानं काई घेऊ नको."

आपल्या मनानं काही करू नको. डॉक्टरांचंच वाक्य वापरलं मी.

वेचणीच्या शेवटाला दवानं भिजलेल्या कापसात दिवस काढून तिला खोकला आणि ताप भरला. भावजी कारखान्यावर होते. मीच तिला तेलगावच्या डॉक्टरांकडं नेलं. ती बाकावर डोळे मिटून बसली होती. त्यांनी नाडी बघितली, कपाळाला आठी घातली. त्यांना तिचं दुखणं माहीत होतं. मला विचारलं, "थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," मी म्हणाले. "चालू आहेत."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तापाचं औषध दिलं, उद्या उतरला नाही तर आणा म्हणाले. आम्ही घरी आलो.

त्या दिवसाचा मी हिशोब सांगत नाही. पण अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नंतर भावजींना म्हणाल्या, एक दिवस आधी आणलं असतं तर हृदयावर एवढा घाव बसला नसता. तो एक दिवस मी घेतला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही, चढला. सुरेखाला उलट्या सुरू झाल्या. अंग भट्टीसारखं, डोळे ताठ. पोरगी जवळ गेली तर म्हणाली, ही कुणाची लेक? हिला हिच्या घरी सोडा. गौरी माझ्यामागं लपली आणि माझं लुगडं मुठीत धरून उभी राहिली. भावजी पळत आले, शेजाऱ्याची जीप काढली. धारूरच्या घाटात वळणा-वळणाला तिचं डोकं माझ्या मांडीवरून घसरत होतं आणि मी ते धरत होते. तळहाताखाली तिच्या मानेतली धडधड लागत होती, इतकी भरभर की मोजता येणार नाही. ती मधेच काहीतरी पुटपुटायची. भावजी पुढच्या सीटवरून मागं वळून विचारायचे, काय म्हनती? मी म्हणायचे, काई न्हाई, तापात हाय.

ती "गोळी" म्हणत होती.

दवाखान्यात तिला आत नेलं. मागून माझे मालक आणि आत्याबाईही येऊन पोचले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, थायरॉईड एकदम उसळलंय, जिवावरचं आहे. औषध कधीपासून बंद आहे? भावजी म्हणाले, बीडच्या डॉक्टरांनीच बंद केलं. बाईंना पटेना. त्यांनी नंबर मागितला, आमच्यासमोर फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण बाईंचा चेहरा दिसत होता. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "त्यांनी बंद करायला सांगितलंच नव्हतं. चालू ठेवा म्हणाले होते. फोन कुणी घेतला होता?"

माझे मालक, भावजी, आत्याबाई — सगळे माझ्याकडं वळले. त्या नजरांत शंका नव्हती हो. मी काहीतरी उलगडून सांगेन, अशा भरवशानं बघत होते ते.

मी म्हणाले, "मी तिला तेच सांगितलं. चालू ठेव म्हनले. तिनंच ऐकलं न्हाई."

भावजींनी भिंतीला डोकं टेकलं. म्हणाले, "हिनं स्वतःचा जीव स्वतः घेतला."

मरत असलेल्या बाईवर मी ते टाकलं. ती मरेल असं डॉक्टर म्हणत होते, आणि — लिहिते आता, हात थांबायच्या आत — ती मेली तर कुणाला कधीच कळणार नाही, हा विचार माझ्या मनात आला. आला आणि गेला, असंही नाही. थांबला थोडा वेळ.

ती वाचली.

शुद्धीवर आली, जनरल वॉर्डात आणली. भावजी तिच्यावर ओरडले, मग रडले, मग परत ओरडले — डॉक्टर एवढं सांगतेत, अक्का सांगती, तुला अक्कल न्हाई का? ते चहाला बाहेर गेले तेव्हा तिनं मान माझ्याकडं वळवली. आवाज फार बारीक झाला होता.

"अक्का, तुमीच म्हनलत्या ना, बंद कर म्हनून?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "मी चालू ठेव म्हनले."

ती माझ्याकडं बघत राहिली. ती रागावेल, किंचाळेल, असं मला वाटत होतं. आतून वाटत होतं की किंचाळावं. पण तिच्या कपाळावर आठी पडली, हिशोब चुकलेल्या मुलाच्या पडते तशी, आणि ती म्हणाली, "मग मीच नीट ऐकलं नसंल. तापात काईबी वाटतंय मला. माफ करा, अक्का, तुमच्यावर उगं आळ घातला."

मी म्हणाले, "असू दे."

हा माझा गुन्हा आहे. गोळ्यांचा तो आधीचा. तिच्या काळजाचा ठोका तेव्हापासून चुकतो. जिना चढताना मधेच बसते, घागर उचलू शकत नाही. ते मी केलं. पण 'असू दे' म्हणून मी तिचं जे घेतलं ते डॉक्टरांच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही. तिचा स्वतःवरचा विश्वास गेला. आमटीत मीठ टाकते आणि मला विचारते, टाकलं का मी? गॅस बंद केला की परत जाऊन बघते. शाळेतून निरोप आला तर म्हणते, मला नका सांगू, अक्काला सांगा, माझ्याकडून उलटसुलट होईल. भावजी तिच्या हातात काही देत नाहीत. आत्याबाई चारचौघांत हसून सांगतात — आमच्या धाकलीला गोळी चालू म्हनलं तर बंद ऐकू येतं. सगळे हसतात. तीही हसते.

डॉक्टरांनी ऑपरेशनचं सुचवलं होतं, आयोडीनच्या औषधाचंही. घरचे घाबरले, गोळ्याच चालू राहिल्या. आणि तिनं स्वतःच त्या माझ्या ताब्यात दिल्या. रोज सकाळी माझ्यासमोर येऊन तळहात पसरते. मी गोळी ठेवते. ती माझ्यासमोर गिळते. सात वर्षं होत आली.

ह्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. ती सकाळी आली, पण हात पसरला नाही. घसा दुखतोय म्हणाली, अंग गरम लागत होतं. दारात घुटमळली. "अक्का, घसा दुखला, ताप आला तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासायला या, असं डॉक्टर म्हनले होते का? का मलाच असं वाटायलंय?"

ह्या गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि घसादुखी ही त्याची खूण असते, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितलं होतं. तिला शब्द न् शब्द आठवत होता. तुला बरोबर आठवतंय — चार शब्दही लागले नसते. त्या शब्दांनी तिला थोडं तरी तिचं परत मिळालं असतं.

मी म्हणाले, "तू कशाला डोकं चालवतीस? चल, मी नेते."

त्या दिवशीच नेलं. पेशी उतरायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. गोळी बंद केली, काही दिवस ठेवून घेतलं, आता पुढचा उपाय तेच ठरवणार आहेत. घरी आलो तेव्हा ओटा बायांनी भरला होता. आत्याबाई माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाल्या, ही हाय म्हनून धाकली जित्ती हाय. आणि सुरेखानं, भिंतीला टेकून, दमलेली, सगळ्यांसमोर मान हलवली. म्हणाली, खरंच हाय. अक्का नसत्या तर मी कवाच गेले असते.

मान खाली गेली असेल माझी, असं तुम्हाला वाटेल. नाही गेली. मी एकेकीच्या तोंडाकडं बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.